डोक्यावरील गाठी

डोक्याच्या कातडीत किंवा तिच्या लगत होणाऱ्या गाठी व अर्बुदे (पेशींच्या बेसुमार वाढीने झालेल्या गाठी). यांतल्या बहुतेक सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेल्या, असतात. डोक्यावरच्या जुन्या, न दुखणाऱ्या गाठीला मराठीत ‘आवाळू’ म्हणतात. फणी अडकते किंवा न्हाव्याचा हात लागतो, तेव्हा कुठे अनेकांना तिचा पत्ता लागतो.

डोक्यावरचे आवाळू म्हणजे बहुधा ‘पिलर सिस्ट’. काटेकोरपणे पाहिले तर हे अर्बुद नव्हेच. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणापासून बनलेली ती केराटिनने (केस-नखे ज्याची बनतात त्या प्रथिनाने) भरलेली पिशवी असते. अशा सुमारे 90 टक्के गाठी डोक्यावरच होतात, बायकांत जास्त, आणि घराण्यात चालत येतात. आजीला तीन, आईला दोन असे सर्रास दिसते. केसतोडासारखी ती ठणकत नाही. कवच जाड असल्याने शल्यचिकित्सकाने छेद देऊन बाजूने दाबले की सोललेल्या लसणीच्या पाकळीसारखी गुळगुळीत, पांढरट गाठ अख्खी बाहेर सरकते. घरी सुईने टोचून पिळण्यात काही अर्थ नाही. पिशवी आतच राहते, पुन्हा भरते, वर पू होतो तो वेगळाच.

चरबीची गाठ आणि कवटीच्या हाडाची टणक गाठ याही निरुपद्रवी. जन्मापासून असलेला पिवळसर, बिनकेसांचा चट्टा (नीव्हस सिबेशस) वयात येताना खडबडीत होतो. त्यावर पुढे एखादे अर्बुद उगवलेच तर तेही बहुधा सौम्य. ‘सीवायएलडी’ जनुकातील दोषामुळे मात्र काहींच्या डोक्यावर इतक्या गाठी येतात की पगडी घातल्यासारखे दिसते. बाळाच्या डोक्यावर मध्यरेषेत फुगवटा असेल तर स्कॅनशिवाय त्याला सुई लावत नाहीत, कारण तो आत मेंदूपर्यंत पोचलेला असू शकतो.

आकारावरून धोका ठरत नाही. लिंबाएवढे आवाळू वीस वर्षे गप्प बसते, तर वृद्धाच्या डोक्यावरचा, मार लागल्यासारखा दिसणारा सपाट जांभळा डाग अँजिओसार्कोमा निघतो. हा रक्तवाहिन्यांचा अतिशय मारक कर्करोग. त्याची खरी कड दिसते त्याहून बरीच पुढे गेलेली असते.

टक्कल पडलेल्या, उन्हात रापलेल्या डोक्यावर, विशेषतः गोऱ्या वर्णाच्या लोकांत, बेसल सेल व स्क्वेमस सेल हे कातडीच्या वरच्या थरातील पेशींचे कर्करोग होतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत बेसल सेलची गाठ बरेचदा काळसर असते, म्हणून ती तीळ समजून सोडून दिली जाते. भाजल्याच्या जुन्या वणात न भरणारी जखम झाली तर स्क्वेमस सेलचा संशय घ्यावा लागतो. 1950 च्या सुमारास इस्राएलमध्ये मुलांच्या डोक्यावरील गजकर्णावर क्ष-किरणांचा उपचार करत; त्यांच्यात पुढे बेसल सेल कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. मेलानोमा (कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) हाही डोक्यावर होतो, पण केसांआड उशिरा सापडतो. फुप्फुस, स्तन किंवा मूत्रपिंडातला कर्करोग पसरून इथे गाठ म्हणून उगवतो. कधी मूळ रोगाची पहिली खूण तीच असते.

निदान तुकडा तपासूनच होते. डोक्याची कातडी फारशी ताणत नाही, त्यामुळे मोठे अर्बुद काढल्यावर शेजारची कातडी सरकवावी लागते किंवा मांडीची लावावी लागते. कवटीवरचे पातळ आवरण शाबूत असेल तरच ही लावलेली कातडी धरते. उघड्या हाडावर ती जगत नाही.