शिखर परिषद : निमंत्रण व स्थळनिश्चिती (कोकण किनारा)

राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख यांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीला कोणाला बोलवायचे आणि ती कोठे भरवायची, हे ठरविण्याची राजनैतिक प्रक्रिया. यजमानपद बहुधा पाळीने येते आणि सभासद देशांना बोलवावेच लागते. यजमानाच्या हाती खऱ्या अर्थाने उरतात ते पाहुणे देश आणि बैठकीचे ठिकाण.

या मोकळिकीचा वापर कसा होतो, हे गोव्यातील बाणावली येथे १५–१६ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या ब्रिक्स (ब्राझील, रशिया, भारत, चीन व दक्षिण आफ्रिका यांचा तेव्हाचा गट) परिषदेत स्पष्ट दिसले. यजमानाने आपल्या प्रदेशातील देशांना सोबत बोलवावे, असा प्रघात तोवर पडला होता. भारताच्या प्रदेशाची रूढ संघटना सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना; पाकिस्तानही तिचा सभासद. पण बोलावणे गेले ते बिमस्टेकच्या, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या संघटनेच्या देशांना; तीत पाकिस्तान नाही. त्यामुळे थायलंड आणि म्यानमार पाहुणे झाले, पाकिस्तान आपोआप बाहेर राहिला. कोणाचेही नाव न खोडता यादी बदलण्याची ही सफाई होती. त्याच वर्षी इस्लामाबादला ठरलेली सार्क परिषद भारतासह काही देशांनी नकार दिल्याने झाली नाही.

सभासदत्व असले की अशी वाट राहत नाही. शांघाय सहकार्य संघटनेच्या (चीन, रशिया, मध्य आशियाई देश, भारत, पाकिस्तान आदींचा गट) परराष्ट्रमंत्र्यांची बैठक ४–५ मे २०२३ रोजी बाणावलीतच झाली. पाकिस्तान सभासद असल्याने निमंत्रण गेले आणि त्याचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बिलावल भुट्टो-झरदारी आले.

गोवाच का, याचे उत्तर सरकारी पत्रकांतील समुद्र-माडांपेक्षा बंदोबस्तात अधिक सापडते. एका बाजूला समुद्र असलेली विस्तीर्ण हॉटेले मोजक्या रस्त्यांवर पहारा बसवून बंद करता येतात. गोव्याचा दाबोळी विमानतळ तर नौदलाच्याच तळावर आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला किनारा तितकाच देखणा लाभला आहे, पण अनेक शिष्टमंडळे एकाच आवारात उतरतील एवढी मोठी हॉटेले तेथे नाहीत. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळही २०२१ मध्येच सुरू झाला.

नोव्हेंबर १९८३ मधील राष्ट्रकुल परिषद दिल्लीत भरली, तरी नेत्यांच्या अनौपचारिक चर्चेसाठी गोवाच निवडला गेला. आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरील ‘गोवा जाहीरनामा’ तेथलाच. ठिकाण हाच संदेश, असेही घडते. २८ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत जमली, ती २००८ च्या हल्ल्याचे लक्ष्य ठरलेल्या ताजमहाल हॉटेलात.

बाणावलीत परराष्ट्रमंत्री जमले, त्याच वर्षी ४ जुलैला शांघाय संघटनेची शिखर परिषद मात्र भारताने दूरदृश्य प्रणालीवर घेतली.