परसातला इग्लू आणि पिंजराची खोप

डिसेंबर लागला की मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरू लागतात. कॅनडात नाहीतर अमेरिकेत कुणीतरी घरामागं इग्लू, म्हणजे हिमाच्या ठोकळ्यांचं घुमटीसारखं घर, बांधलेला असतो आणि पोरं त्यातून रांगत आत-बाहेर करत असतात. बेळगावात तेव्हा दिवाळीच्या किल्ल्याची लाल माती अजून अंगणातच पडलेली असते. मग इथल्या पोरांचा प्रश्न ठरलेला: आपण का नाही? मासळी बाजारात येतात तशा लाद्या बर्फ कारखान्यातून आणू आणि रचू!

प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. हिशोब करून बघू. आतून २ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाड भिंतीचा अर्धगोल घेतला, तर साधारण दीड घनमीटर बर्फ लागतो. लादीच्या बर्फात त्याचं वजन १४०० किलोच्या आसपास भरतं. एवढा बर्फ वितळायला सुमारे १३० युनिट विजेइतकी उष्णता लागते, म्हणजे तो तासाभरात काही वाहून जाणार नाही. अडचण वेगळीच आहे. वितळणाऱ्या बर्फाची भिंत शून्य अंशावरच राहते. बेळगावची थंडीतली रात्र १३-१४ अंशांची. म्हणजे आत बसणारा कुडकुडणार, आणि अंगणात खाट टाकून झोपलेला त्याच्यापेक्षा सुखी!

आर्क्टिकमध्ये गणित उलटं होतं, कारण तिथं बाहेर उणे ४० असू शकतं. भिंत शून्याजवळ असली तरी ती बाहेरच्यापेक्षा कितीतरी उबदार. शिवाय इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधले मूळचे रहिवासी, लादीचा बर्फ वापरतच नाहीत. ते वाऱ्यानं दाबून घट्ट झालेलं हिम कापतात. एका घनमीटरमागं त्याचं वजन साधारण ३५० किलो, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा हवेनंच भरलेली. ही हवा बारीक बारीक कप्प्यांत अडकून पडते, तिला फिरता येत नाही. त्यामुळं सलग बर्फातून जेवढी उष्णता निसटते, तिच्या जेमतेम दहावा हिस्सा अशा हिमातून निसटतो. खानापूरकडं सुगीत राखणीला जाणारा माणूस भाताच्या पिंजराची खोप करतो, तिची ऊबही अशीच अडकलेल्या हवेची. खोप काय किंवा इग्लू काय, स्वतः उष्णता देत नाही. आतल्या माणसाची राखते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता टाकत असतो. दोघं-तिघं आणि सीलच्या चरबीवर जळणारा एक दिवा असला की आत शून्याच्या आसपास तापमान टिकतं.

बांधकाम मात्र बघण्यासारखं. पहिला थर गोलात मांडून झाला की त्याचा वरचा काठ तिरका कापतात, जमिनीपासून हळूहळू चढत जाणारा. पुढचे ठोकळे त्या चढावरून सर्पिलाकार वर सरकतात. प्रत्येक ठोकळा खाली एका आणि बाजूला दुसऱ्या ठोकळ्यावर टेकलेला, त्यामुळं आत झुकूनही पडत नाही आणि खालून टेकू लागत नाही. सांध्यांत हिमाचा भुगा भरला की हिमाचे कण एकमेकांना चिकटून गोठतात. दिव्याच्या उबेनं आतला पृष्ठभाग किंचित वितळतो, पुन्हा गोठतो आणि भिंतीला काचेसारखा पातळ थर चढतो. नीट जमलेल्या इग्लूच्या माथ्यावर माणूस उभा राहू शकतो.

आकार अचूक अर्धगोल नसतो, आणि त्याला कारण आहे. अर्धगोलाचा खालचा भाग बाहेर फाकू पाहतो. विजापूरच्या गोलघुमटाखाली एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आणि जाडजूड भिंती आहेत, त्या हाच जोर पेलतात. हिमाला दाब सोसतो, ताण नाही. म्हणून चांगला इग्लू थोडा उंच, अंड्याच्या टोकाकडं झुकणारा असतो. लोंबत्या साखळीचा आकार उलटा केला की कमान फक्त दाबावर उभी राहते, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं १६७५ साली मांडलं. इनुइटांना ते हातानं ठाऊक होतं.

दार झोपायच्या ओट्यापेक्षा खाली ठेवतात. जड थंड हवा त्या खळग्यात उतरते, हलकी गरम हवा ओट्यावर राहते. माथ्याला भोक हवंच. दिव्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळतही नाही आणि जीव घेतो. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवणाऱ्यांनीही हे ऐकावं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं हिमात दिवस काढलेला फौजी सीमाभागात शोधावा लागत नाही. हिमात कोरलेल्या पोकळीत वारा कसा तुटतो, ते त्यालाच विचारावं. स्वतः इग्लूत झोपायची हौस असेल तर मनालीजवळच्या सेथनला ऐन हिवाळ्यात ती सोय असते.

परसातच काही करायचं असेल तर किल्ल्याची उरलेली माती घ्या. पुठ्ठ्यासमोर साखळी दोन्ही टोकांनी धरा, तिच्या लोंबत्या रेषेवर पेन्सिल फिरवा, पुठ्ठा कापा आणि उलटा करा. त्या साच्याबरहुकूम ओल्या मातीची घुमटी थराथरानं चढवा. शेजारी दुसरी घुमटी अचूक अर्धगोल करा, दोन्हींच्या भिंती सारख्याच पातळ ठेवा. वाळल्यावर दोन्हींच्या माथ्यावर एकेक वीट अलगद ठेवा, आणि आधी तडा कुठं जातो ते बघा.