बॅटरी सरकवली, तांबं नऊपट लागलं

अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या उत्तरेला चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरण आहे. त्याच्या मागे पसरलेल्या लेक लेनियरवर उन्हाळ्यातले शनिवार-रविवार म्हणजे वेकबोर्डच्या बोटींची गर्दी. बोट पुढे धावते आणि मागे दोरी धरून फळीवर उभा असलेला माणूस तिनं उठवलेल्या लाटेवरून उड्या मारतो. लाट मोठी उठावी म्हणून या बोटी टाक्यांमध्ये शेकडो लिटर पाणी भरून मुद्दाम जड करतात. वरच्या कमानीला मोठाले स्पीकर टांगलेले असतात.

सांगलीकडच्या माझ्या एका मित्रानं अशी जुनी बोट घेतली. इंजिन अगदी मागे, त्याच्या डाव्या अंगाला सामानाचा कप्पा आणि नेमक्या त्याच कप्प्यात दोन बॅटऱ्या. एक इंजिन चालू करायची, दुसरी स्पीकर-दिव्यांची. लाइफ जॅकेट कोंबून बसवावी लागत, फळी तर आत जायचीच नाही. "दोन्ही पुढे सीटखाली टाकू. वायर लांबवली की झालं!" असं म्हणून त्यानं एका शनिवारी ते काम उरकलंही.

कप्पा मोकळा झाला. बोट पाण्यात उतरवली, किल्ली फिरवली. इंजिन एकदा घुरघुरलं, समोरच्या पडद्यावरचे आकडे विझून परत उजळले, आणि मग नुसतं टक, टक, टक. बॅटरी नवी होती, पूर्ण चार्ज केलेली. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट स्वच्छ दिसत होते.

वीज वायरीतून जाते, वायर लांब असली काय नि आखूड असली काय, असं आपण धरून चालतो. घरातल्या २३० व्होल्टच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खपूनही जातं. पण घरी इन्व्हर्टर असेल तर एकदा त्याच्या वायरी बघा. पंखा-दिव्यांच्या वायरी करंगळीपेक्षा बारीक, आणि बॅटरीकडून येणाऱ्या लाल-काळ्या दोन वायरी मात्र जाडजूड आणि आखूड. बॅटरी बाल्कनीत हलवायला सांगितलं की जाणता वायरमन मान हलवतो. त्याचं बरोबर आहे.

नववीत शिकलेला ओहमचा नियम आठवा. विभवांतर, म्हणजे विजेचा दाब, हा धारा गुणिले रोध. आणि तारेचा रोध लांबीबरोबर वाढतो, जाडीबरोबर कमी होतो. बोटीचं इंजिन फिरवताना स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर, सुमारे २०० अँपिअर धारा ओढतो. आधी बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत दीड मीटर वायर होती. धारेला जायचं असतं तसं परतही यायचं असतं, म्हणून हिशेबात धरायची लांबी ३ मीटर. छेद, म्हणजे वायर कापल्यावर दिसणाऱ्या तांब्याचं क्षेत्रफळ, ३५ चौरस मिलिमीटर. तांब्याची रोधकता घालून गणित केलं तर रोध येतो साधारण दीड मिलिओहम, आणि वाटेत गळणारा दाब ०.३ व्होल्ट. बॅटरी सीटखाली गेल्यावर जाऊन-येऊन वायर झाली ९ मीटर. आता गळती जवळजवळ ०.९ व्होल्ट. २३० मधून एवढे गेले तर दिव्याला पत्ताही लागत नाही. १२ मधून गेले तर मोठा घास गेला.

पण मला यातला सर्वांत आवडतो तो किल्ली फिरवल्यानंतरचा पहिला क्षण. स्टार्टरची मोटर फिरायला लागली की तिची वेटोळी चुंबकीय क्षेत्रात फिरतात, म्हणजे ती त्याच वेळी जनित्रासारखीही वागते आणि बॅटरीच्या विरुद्ध दिशेनं दाब तयार करते. हा उलटा दाब धारेला आवर घालतो. मोटर जितकी वेगात, तितका उलटा दाब जास्त, धारा कमी. पण पहिल्या क्षणी मोटर उभी असते. उलटा दाब शून्य. मग धारेला अडवायला उरतो फक्त रोध, म्हणजे बॅटरीच्या पोटातला, वायरीचा आणि वेटोळ्यांचा. अशा वेळी धारा क्षणभर ६०० अँपिअरवरही जाऊ शकते. तेव्हा नव्या लांब वायरीत गळतात अडीच व्होल्टहून जास्त, आणि बॅटरी स्वतःही त्या ओझ्याखाली दोनेक व्होल्टनं दबलेली असते. स्टार्टरच्या हाती पडतात सात-आठ व्होल्ट. मोटर पुरेशी गती घेत नाही, म्हणून उलटा दाब वाढत नाही, म्हणून धारा उतरत नाही, म्हणून गळतीही थांबत नाही. त्यात बऱ्याच इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनांचा संगणक स्टार्टरच्याच टोकावरून वीज घेतो. दाब कोसळला की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. आकडे विझले ते त्यामुळे.

मग वायर जाड करा! लांबी तिप्पट झाली, तर गळती पूर्वीइतकी ठेवायला छेदही तिप्पट हवा, १०५ चौरस मिलिमीटरच्या आसपास. आणि इथे मजा आहे. लांबी तिप्पट, छेद तिप्पट, म्हणजे तांबं नऊपट. आधी किलोभर तांब्यात भागत होतं, आता साडेआठ किलो लागणार. अंतराच्या वर्गानं तांबं वाढतं. कोयनेची वीज मुंबईला पाठवताना दाब लाखो व्होल्टवर नेतात तो याचसाठी. दाब वाढवला की तेवढ्याच शक्तीला धारा कमी पुरते. बोटीत ती सोय नाही.

वायर लांबवण्यात धोकाही आहे. स्टार्टरच्या वायरीला सहसा फ्यूज नसतो, कारण तो ६०० अँपिअरच्या धक्क्यालाच उडेल. अशी वायर बोटीच्या तळाशी कुठे घासून उघडी पडली तर हजाराहून जास्त अँपिअर धारा वाहते आणि आजूबाजूला पेट्रोलची वाफ. ही वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन उलट हलका, सीटच्या फळीखाली साचतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून अमेरिकेतला नियम सांगतो की बॅटरी इंधनाच्या टाकीच्या थेट वर किंवा खाली नको, वायू बाहेर जायला वाट हवी, आणि बॅटरी कुठल्याही दिशेला इंचभराहून जास्त सरकता कामा नये.

बोटी लागतात त्या धक्क्यावरच्या एका अनुभवी गृहस्थांनी निदान केलं की बॅटरी रात्रभर सिमेंटवर ठेवली, म्हणून ती "जमिनीनं ओढून घेतली". ही समजूत आपल्याकडच्या गॅरेजांतही ऐकली आहे. लाकडी पेट्यांच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळी ओल झिरपून वीज गळायची. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीतून सिमेंट काहीही ओढत नाही. लिथियमच्या बॅटऱ्यांच्या जाहिरातीही अशाच तपासून घ्या. बॅटरी निम्म्याहून हलकी होते हे खरं, पण तिच्या चार्जिंगची भूक इतकी असते की बॅटरी चार्ज करणारा इंजिनाचा साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो.

आमचा उपाय साधा निघाला. स्टार्टरची बॅटरी परत मागे, इंजिनाला खेटून, कोपऱ्यात उभी पट्ट्यानं आवळली. स्पीकरची तेवढी पुढे ठेवली. स्पीकरचा अँप्लिफायर आधीपासून पुढेच, ड्रायव्हरच्या पायांजवळ होता! १००० वॅटला १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून जास्त लागतात, आणि ते आजवर मागून चार मीटर धावत येत होते. आता अर्ध्या मीटरमध्ये काम होतं. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या लांब वायरीतून फक्त चार्जिंगची धारा जाते, त्यामुळे ती मध्यम जाडीची चालली. तिच्या दोन्ही टोकांना बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज बसवला, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. सीटखालच्या पेटीला बाहेर उघडणारी नळी जोडली. पंचवीसेक किलो पुढे गेल्यानं लाटेत पडलेला फरक मागच्या टाकीत तेवढंच पाणी जास्त घेऊन भरून निघतो.

कप्प्यात आता पाच लाइफ जॅकेट आणि एक फळी बसते. किल्ली फिरवताना मी मल्टिमीटरची टोकं स्टार्टरवर धरली होती. काटा १०.८ ला टेकला, इंजिन सुरू झालं आणि तो सरळ १४ वर गेला.