डाळिंबाची साल कचरा झाली कधी?

आमच्या आजीचा नियमच होता, डाळिंब सोललं की साल फेकायची नाही. सुपात वाळत पडलेली असायची, कुणाचं पोट बिघडलं की उगाळून द्यायची. एकदा ओल्या सालीचा डाग पांढऱ्या पंचाला लागला, तो किती धुतला तरी गेला नाही, पिवळट तपकिरी तसाच राहिला. रंगाऱ्यांचा धंदा या असल्या डागावरच चालायचा हे मला फार उशिरा कळलं.

आज फळांच्या सालीपासून नैसर्गिक रंग काढायची चर्चा सगळीकडे नवीन शोध म्हणून चालते. पण कच्छचे ठशांचं अजरख कापड छापणारे, कापडावर चित्रं काढणारे आंध्रचे कलमकारीवाले डाळिंबाची साल पिढ्यानपिढ्या पिवळ्या रंगासाठी वापरत आलेत. साल वाळवायची, कुटायची, रात्रभर भिजवून उकळायची, गाळलं की कोऱ्या चहासारखं पाणी मिळतं, त्यात तुरटी लावलेलं कापड बुडवलं की पिवळं आणि हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार लावलेलं बुडवलं की राखाडी, अगदी काळपटसुद्धा. साल तीच, पाणी तेच! हे होतं सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे, ते लोखंडाला भेटलं की काळं पडतं, हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे त्यातही हीच गंमत. सुती धाग्यावर रंग सहजी बसत नाही म्हणून कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात काढायचे, आणि काळ्यासाठी गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवत ठेवायचे. हे सगळं कुठल्याही लॅबशिवाय, निव्वळ हाताच्या अंदाजाने, आणि मला याचं खरंच फार अप्रूप वाटतं.

मग 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला, कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या अ‍ॅनिलिनपासून. तिथून चक्र फिरलं. 1869 मध्ये लाल मुळांतून मिळणारं रंगद्रव्य अ‍ॅलिझरिन कारखान्यात बनायला लागलं आणि मंजिष्ठासारख्या लाल मुळांचा बाजार बसला, 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. डब्यातला रंग स्वस्त, दरवेळी सेम शेड, उकळत बसायला नको, मग रंगारी तिकडे वळले यात त्यांची चूक काय? साल मात्र उकिरड्यावर गेली.

खाण्याच्या रंगाचं जरा वेगळं झालं. इटलीत वाइन गाळून उरलेल्या द्राक्षाच्या सालीतून काढलेला लाल रंग 1879 पासूनच एनोसायनिना नावाने विकला जात होता, आज युरोपात या जातीच्या रंगांना, म्हणजे अँथोसायनिनना, ई163 हा नंबर आहे. हे अँथोसायनिन आंबटात लाल राहतं, साबण किंवा सोडा लागला की निळसर हिरवट होतं. आपल्या कोकमातही तेच, पण कोकणात कोकमाची साल कधी कचरा झालीच नाही, तिचंच तर आमसूल करतात.

नैसर्गिक रंगांकडे परत फिरण्याचं मोठं कारण म्हणजे भीती. अझो नावाच्या कृत्रिम रंगांपैकी काहींतून कॅन्सरला कारण ठरणारी अमाइन्स ही रसायनं सुटतात हे पुढे आल्यावर जर्मनीने 1994 मध्ये त्यांच्यावर बंदी आणली, आपल्या कापडाची निर्यात अडकायची वेळ आली, 1997 मध्ये आपल्याकडेही बंदीची अधिसूचना निघाली. खाण्यात 2007 च्या इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर युरोपात 2010 पासून सहा कृत्रिम रंगांच्या पाकिटावर, मुलांच्या वागण्यावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. तेव्हा कुठे लोकांना सालीची आठवण झाली.

आता सोलापूरच बघा. चादरी, टॉवेल विणणारं गाव, आजूबाजूला सांगोला, पंढरपूरकडे डाळिंबाच्या बागा, 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तिथेच. फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साल असतो, म्हणजे दाणे आणि ज्यूस काढणाऱ्या युनिटबाहेर किती ढीग पडत असेल याचा हिशोब तुम्हीच करा. साल आणि कापड एकाच जिल्ह्यात असं दुसरीकडे कुठे सहज मिळणार?

रंग काढायला अल्ट्रासाऊंड, मायक्रोवेव्ह अशा पद्धती आल्यात, वेळ वाचतो, पण माझ्या मते खरी अडचण त्याच्याही आधी येते. ओली साल ढिगात राहिली की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशी लागलेल्या सालीचा रंग मळका येतो. म्हणजे युनिटच्या दारातच, त्याच दिवशी ती पसरून वाळवायची सोय हवी. आजीच्या सुपात ती आपोआप वाळायची, एका वेळी दोन डाळिंबांची.