कांडी आणि खडा

तोरमल्लीची, म्हणजे टूरमलीनची, न घडवलेली कांडी आणि पैलू पाडलेला खडा शेजारी ठेवले, तर दोन्ही एकच खनिज आहे हे पटकन पटत नाही. कांडी पेन्सिलीसारखी लांब, अंगावर उभ्या बारीक रेघा, आडवा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा. खड्यात यातलं काहीच उरत नाही. म्हणूनच स्फटिक जमवणारे बरेच जण खड्यांकडे नाक मुरडतात. मी मात्र दोन्ही जमवावेत या मताचा आहे. एकाचं कोडं बऱ्याचदा दुसऱ्याकडे पाहून सुटतं.

हिरवी कांडी उजेडासमोर आडवी धरा, छान हिरवी दिसेल. आता टोकाकडून आत बघा. बऱ्याचदा ती जवळजवळ काळी दिसते. लांबीच्या अक्षाला काटकोनात कंप पावणारा प्रकाश हे खनिज जास्त शोषतं, आणि टोकाकडून आत शिरलेला सगळाच प्रकाश तसा कंपत असतो. बाजूने शिरलेल्यातला काही भाग तरी वाचतो. पूर्वी याच गुणावर तोरमल्लीच्या दोन चकत्यांचा चिमटा बनवत. एक चकती काटकोनात फिरवली, की पलीकडचा उजेड गुल!

खडा घडवणाऱ्याला हे सांभाळावंच लागतं. कांडी गडद असेल, तर तो खड्याचा माथा, म्हणजे वरचा मोठा सपाट पैलू, लांबीला समांतर ठेवतो आणि टोकांकडचे पैलू जास्त उभे उतरवतो, म्हणजे आतला काळेपणा परावर्तित होऊन वर येत नाही. फिक्या कांडीत तो उलट करतो, माथा अक्षाला आडवा ठेवून रंग गहिरा करून घेतो. तोरमल्लीचे इतके खडे लांबट आयताकृती का असतात, ते कांडी पाहिली की कळतं.

एक गोष्ट मात्र खड्यातच नीट दिसते. दहापट भिंगातून माथ्यावरून थोडं तिरकं पाहिलं, की खालच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. स्पिनेल या दुसऱ्या रत्नाच्या खड्यात त्या एकेरीच राहतात.

कांडी तापली की तिच्या एका टोकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युतभार येतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच लोक तिला ‘राख ओढणारी’ म्हणत, ते यामुळेच. पैलू पाडल्यावर आकार गेला तरी हा स्वभाव जात नाही. गरम दिव्याखालच्या पेटीत तोरमल्लीवर धूळ इतर खड्यांपेक्षा लवकर बसते, आणि जमवणाऱ्याला सारखं पुसत बसावं लागतं.

रंगांच्या थरांची मजा खड्यात बरीचशी वाया जाते. ‘कलिंगड’ तोरमल्लीत गाभा गुलाबी, साल हिरवी. गुलाबी रंग मँगनीजचा, हिरवा बहुधा लोहाचा. स्फटिक वाढत असताना भोवतालच्या द्रवातली रसायनं बदलत गेली, त्याची ही नोंद. ती वाचायची तर आडवी चकती कापून घासावी. दोन्ही टोकं शाबूत असलेली, स्वच्छ कांडी मात्र कुणी पैलूंसाठी कापू नये. त्यासाठी तुटके तुकडे पुष्कळ मिळतात.

खड्याची मोठी अडचण त्याच्या जन्मगावाची. तांब्यामुळे निळा-हिरवा झळाळणारा पाराइबा प्रकार १९८०च्या दशकात ब्राझीलमध्ये सापडला, पुढे नायजेरिया आणि मोझांबिकमध्येही. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक सांगणं कठीण, प्रयोगशाळेत सूक्ष्म घटक तपासावे लागतात. कांडी मूळ खडकासकट असेल, तर शेजारचा जांभळट लेपिडोलाइट अभ्रक निदान एवढं सांगतो, की ती लिथियम असलेल्या पेग्मटाइट या भरड स्फटिकांच्या खडकात वाढली. म्हणून खड्यासोबत त्याच खाणीतला तुटका तुकडा मिळाला, तर तो घ्यावा आणि दोन्ही एकाच चिठ्ठीखाली ठेवावेत.