इलेक्ट्रिक गिटार निवडताना: हेडस्टॉकवरचे नाव आणि हातातले वाद्य

आमच्या दादरच्या दुकानात इलेक्ट्रिक गिटार घेण्यासाठी येणारे बहुतेक ग्राहक आधी हेडस्टॉकवरचे, म्हणजे गिटारच्या वरच्या टोकावर लिहिलेले, कंपनीचे नाव सांगतात, मग खर्चाची मर्यादा, आणि वाद्य हातात घेऊन वाजवण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. हा क्रम उलटा असावा असे आमचे मत आहे आणि त्यामागची कारणे या पत्रकात मांडली आहेत. आम्ही गिटारी विकतो तशा दुरुस्तही करतो. त्यामुळे काउंटरवर झळकणारे वाद्य दोन-तीन पावसाळ्यांनंतर कोणत्या अवस्थेत परत येते, हेही आम्हांला पाहायला मिळते.

नावाला मोल आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात उभ्या केलेल्या कंपनीची टेलिकास्टर १९५१ पासून त्या नावाने विकली जाऊ लागली. तिच्या पाठोपाठ १९५२ मध्ये गिब्सनची लेस पॉल आणि १९५४ मध्ये फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर आली. आज बाजारात दिसणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारींपैकी फार मोठा भाग या तीन आराखड्यांवरच बेतलेला असतो. मात्र नाव तेच राहिले तरी त्यामागची माणसे, यंत्रे आणि हिशेब बदलत असतात. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली आणि १९८५ मध्ये ती तिथल्याच काही कर्मचाऱ्यांच्या गटाने परत मिळवली. मधल्या काळातील, विशेषतः सत्तरच्या दशकातील वाद्यांच्या बांधणीविषयी वादकांची तक्रार आजही ऐकू येते. गिब्सनने २०१८ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला होता आणि त्यानंतर ती नव्या मालकीखाली पुन्हा उभी राहिली. म्हणून ‘अमुक कंपनीची आहे’ एवढ्याने वाद्याची पारख पूर्ण होत नाही. ते कोणत्या काळात आणि कोणत्या कारखान्यात तयार झाले, हेही विचारावे लागते.

कारखान्याची गोष्ट तर अधिकच गुंतागुंतीची आहे. स्क्वायर हे फेंडरचेच स्वस्त श्रेणीतील नाव असून एपिफोन ही कंपनी १९५७ पासून गिब्सनच्या मालकीची आहे. दक्षिण कोरियाची कोर-टेक ही कंपनी आपल्या इंडोनेशियातील कारखान्यात स्वतःच्या कॉर्ट या नावाने गिटारी बनवते आणि पीआरएससारख्या अमेरिकी कंपनीची एसई मालिकाही तिथेच तयार होते. हे कळल्यावर काही ग्राहक लगेच म्हणतात, ‘मग सगळे एकच!’ तसेही नाही. कारखाना एक असला तरी लाकूड किती वाळवायचे, पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग) कोणते बसवायचे, फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडा घासण्यावर किती वेळ द्यायचा आणि तपासणीत किती वाद्ये बाजूला काढायची, हे काम देणारी कंपनी ठरवते आणि त्याप्रमाणे पैसे मोजते. चांगल्या नावाचा खरा उपयोग इथे आहे, कारण त्यामुळे फार वाईट नग दुकानापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होते. ती नाहीशी मात्र होत नाही. एकाच मॉडेलचे, एकाच खोक्यातून आलेले दोन नग आम्ही शेजारी ठेवून वाजवून पाहतो तेव्हा त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे सरस निघणे ही नेहमीची बाब आहे.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडाच्या पेटीतून घुमून येत नाही. पोलादी तार कंप पावते, तिच्याखालील पिकअपमधल्या चुंबकाचे क्षेत्र हलते आणि त्याभोवती हजारो वेढे घेतलेल्या बारीक तांब्याच्या तारेत विद्युत संकेत निर्माण होतो. म्हणून पिकअप, त्याची तारांपासूनची उंची, व्हॉल्यूम व टोनचे पॉट (फिरवण्याची नियंत्रणे) आणि अर्थातच ॲम्प (आवाज मोठा करणारे यंत्र) यांचा आवाजावर जो परिणाम होतो, त्यापुढे बॉडी महोगनीची आहे की बासवूडची हा मुद्दा आम्ही तरी दुय्यम मानतो. या मतावर वाद घालणारे ग्राहक आमच्याकडे येतात आणि त्यांचे स्वागतच आहे. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या, लाकडाचीही अशीच चर्चा होते. शिसवाच्या फ्रेटबोर्डला मान असतो आणि त्यातले बरेचसे शिसव दक्षिण भारतातूनच जगभर जाते. २०१७ मध्ये शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आल्यानंतर अनेक कंपन्यांनी स्वस्त श्रेणीत इंडियन लॉरेल, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारा ऐन, वापरायला सुरुवात केली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्या निर्बंधांतून सूट मिळाली, पण ऐन टिकून राहिला. तो नीट वाळवलेला असेल तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

खरी पारख नेकपाशी, म्हणजे गिटारच्या लांब मानेपाशी, होते. दहा ते शेहेचाळीस गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सहा तारा सुरात लावल्या की नेकवर सुमारे ४५ किलोंचा ताण येतो आणि तो वर्षानुवर्षे राहतो. गिटार हातात घेतल्यावर हेडस्टॉककडून ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) दिशेने, डोळा फ्रेटबोर्डच्या पातळीत ठेवून पाहावे. नेक किंचित आत वळलेला असणे योग्यच आहे, परंतु एका बाजूची कड सरळ आणि दुसऱ्या बाजूची तिरकी जात असेल तर नेकला पीळ पडलेला आहे. बाक ट्रस रॉडने (नेकच्या आतील, सैल-घट्ट करता येणाऱ्या धातूच्या सळईने) सुधारता येतो, पीळ सहसा सुधारता येत नाही. बाक किती आहे हे पाहण्यासाठी जाडी सहावी तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यामध्ये सोबत्याला साधे व्हिजिटिंग कार्ड सरकवायला सांगावे. कार्ड तार न उचलता जेमतेम सरकले तर बाक ठीक आहे.

त्यानंतर तळहात नेकच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवावा. फ्रेटची टोके बोचत असतील तर कारखान्यात घासकामावर वेळ वाचवला आहे, किंवा लाकूड नंतर आकसले आहे. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवावी आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिली व दुसरी तार पूर्ण स्वर चढेपर्यंत बेंड करावी, म्हणजे बोटाने आडवी ओढावी. स्वर मध्येच गुदमरला तर पुढचा एखादा फ्रेट उंच राहिलेला असतो. खुल्या तारेचा सूर किल्लीने (हेडस्टॉकवरील खुंटीने) चढवताना नटपाशी (हेडस्टॉकजवळच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीपाशी) ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर नटची खाच अरुंद आहे आणि ही गिटार बेसूर होत राहणार. ग्राहक अशा वेळी किल्ल्यांना दोष देतात आणि महागड्या किल्ल्या बदलून घेतात. आमच्या अनुभवात तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा नटमध्येच सापडते आणि चांगला हाडाचा नट बसवण्याचा खर्च किल्ल्यांच्या मानाने बराच कमी असतो.

या तपासणीतून निघणारे दोष दोन प्रकारचे असतात आणि खरेदीचा निर्णय त्या फरकावर घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. नट, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), इन्टोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणे), पिकअप, पॉट, जॅक (वायर जोडण्याचे छिद्र) आणि किल्ल्या हे सारे पुढे बदलता किंवा सुधारता येते, तेव्हा केवळ त्यांच्यासाठी चांगला नेक असलेली गिटार नाकारू नये. पिळलेला नेक, बॉडीत तिरका बसलेला नेक ज्यामुळे पहिली तार कडेवरून घसरते, किंवा चुकीच्या अंतरावर कापलेल्या फ्रेटच्या खाचा, यांतले काहीही आढळले तर हेडस्टॉकवर कोणाचेही नाव असो, ते वाद्य परत ठेवावे. नेक बॉडीला स्क्रूने जोडलेला असेल तर कोन सुधारण्यास थोडा वाव असतो. सरसाने चिकटवलेल्या नेकमध्ये तोही फारसा नसतो.

मुंबईच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो आणि लाकूड तो शोषून घेते, त्यामुळे नेकचा बाक बदलतो. तेच वाद्य रात्रभर एसीच्या कोरड्या खोलीत ठेवले की फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोके बाहेर येतात. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागांत ब्रिजच्या सॅडलचे (तारांना टेकू देणाऱ्या तुकड्यांचे) बारीक स्क्रू गंजून जाम होतात आणि मग साधे इन्टोनेशन लावणेही कठीण होते. याला कोणतेही नाव अपवाद नाही. लोकलने प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हेडस्टॉक मागे कललेला आणि संपूर्ण नेक एकाच महोगनीच्या तुकड्याचा असेल, तर नटच्या मागील भाग हा त्या आराखड्याचा नाजूक बिंदू असतो आणि मऊ बॅगेतून एकदा आडवे पडल्यानेही तो तुटू शकतो. सरळ हेडस्टॉकच्या मेपल नेकला हा धोका पुष्कळच कमी असतो. गर्दीच्या वेळी विरार लोकलने क्लासला जाणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही दुसऱ्या प्रकारची गिटार सुचवतो, आणि पहिलीच हवी असेल तर टणक केस.

घरी गेल्यावर ‘गिटार गुणगुणते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. सिंगल कॉइल (तारेचे एकच वेटोळे असलेला) पिकअप ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची गुणगुण आणि पंख्याच्या रेग्युलेटरची करकर पकडतो. तो त्याचा स्वभाव आहे. त्यावर उपाय म्हणून गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन कॉइलचा हमबकर तयार केला, ज्यात एका कॉइलची गुणगुण दुसरीने रद्द होते. मात्र तारांना स्पर्श करताच हाताला झिणझिण्या येत असतील तर तो गिटारचा दोष समजून बसू नये. जुन्या इमारतींत अर्थिंग नसणे किंवा ॲम्पच्या तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून टाकलेली असणे हे त्याचे नेहमीचे कारण असते आणि ते जीवघेणे ठरू शकते. अशा वेळी ॲम्प बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

पैशांची विभागणी कशी करावी, असे विचारल्यास आमचा सल्ला असा आहे. चाळीस हजारांपर्यंत खर्च करायचा असेल तर त्यातील काही रक्कम सेटअपसाठी (नेक, ॲक्शन व इन्टोनेशन जुळवून घेण्यासाठी) व बऱ्या ॲम्पसाठी राखून ठेवावी आणि यामाहा, कॉर्ट, स्क्वायर, आयबानेझ यांपैकी जो नग हातात चांगला बसेल तो घ्यावा. लाखापुढे जे अधिकचे पैसे जातात त्यांतले काही बारीक हातकामासाठी जातात आणि बरेचसे नावासाठी. नावासाठी दिलेले पैसे वायाच जातात असे मात्र नाही, कारण गिटार पुढे विकायची झाल्यास मान्यवर कंपनीच्या वाद्याला गिऱ्हाईक लवकर मिळते, किंमत बरी येते आणि सुटे भागही सहज मिळतात. चार-पाच वर्षांत बदल करण्याचा विचार असणाऱ्यांनी हे गणित जरूर धरावे. याच कारणाने जुन्या बाजारात नामांकित हेडस्टॉकच्या नकलाही फिरतात, तेव्हा वापरलेली महाग गिटार पैसे देण्यापूर्वी एखाद्या कारागिराकडून, नेक स्क्रूने जोडलेला असेल तर तो उतरवून, तपासून घ्यावी.

दुसरीकडून घेतलेली गिटारही आम्ही तपासून देतो. तपासणीला किंवा सेटअपला येताना आपण नेहमी वापरता त्याच गेजच्या तारांचा नवा संच सोबत आणावा, कारण गेज बदलला की ताण बदलतो आणि सेटअप पुन्हा करावा लागतो. पावसाळ्यात आणलेले वाद्य आम्ही एक दिवस दुकानातील हवेत ठेवूनच हाती घेतो, त्यामुळे त्याच दिवशी परत मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.