गोळ्यांच्या आधी घरची वाट: चिकनकाटाच्या एचआयव्ही सेवेची पार्श्वभूमी

झांबियाच्या दक्षिण प्रांतात, मका आणि गुरं यांवर जगणाऱ्या टोंगा लोकांच्या मुलखात चिकनकाटाचं मिशन हॉस्पिटल आहे. ते साल्व्हेशन आर्मी चालवते. आपल्याकडे तिला मुक्तिफौज म्हणतात. नगरचं बूथ हॉस्पिटलही तिचंच. एड्स येण्याच्या कितीतरी आधीपासून, कुष्ठरोग्यांची सेवा ही चिकनकाटाची ओळख होती.

झांबियात एड्सचा पहिला रुग्ण १९८४ मध्ये आढळला. पुढच्या दोन-तीन वर्षांत हॉस्पिटलच्या खाटांवर झिजलेली तरुण माणसं दिसू लागली. औषध नव्हतंच. खाटा वाढवल्या तरी किती वाढवणार? आणि शेवटचे दिवस आपल्या माणसांत जावेत असं रुग्णांनाही वाटे. १९८७ मध्ये हॉस्पिटलनं घरी जाऊन सेवा सुरू केली. आफ्रिकेत असं काम करणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांत चिकनकाटाचं नाव घेतलं जातं.

अशा घरभेटीत काय असतं? अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा धुवायच्या, जुलाबानं सुकलेल्याला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते त्याच्या आईला दाखवायचं आणि मग सगळ्या घराला घेऊन बोलायचं. या बोलण्यातूनच अवघड विषय निघाले. नवरा वारला की विधवेच्या ‘शुद्धी’साठी त्याच्या नातलग पुरुषानं तिच्याशी संबंध ठेवायचा, ही टोंगांची जुनी रीत होती. हॉस्पिटलच्या लोकांनी त्यावर फर्मान काढलं नाही. ते गावच्या प्रमुखांबरोबर बसले, आणि शरीरसंबंध टाळून शुद्धी करण्याचे दुसरे विधी पुढे आले. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. घरात शिरलेल्या माणसाचंच असं ऐकलं जातं.

तीन औषधं एकत्र देण्याचा परिणामकारक उपचार निघाला १९९६ च्या सुमारास, पण वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. मक्याच्या शेतात राबणाऱ्याला त्याचा काय उपयोग? ही कोंडी फुटली ती मुंबईतून. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. १९७० च्या भारतीय कायद्यात खुद्द औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर होतं, म्हणून हे जमलं. तिन्ही औषधं एकाच गोळीत आली: सकाळी एक, संध्याकाळी एक. घड्याळ नसलेल्या घरातही हे पाळता येतं.

मग पैसा आला. २००२ मध्ये ग्लोबल फंड हा एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी, २००३ मध्ये अमेरिकेची पेपफार ही एड्ससाठीची मदत योजना. झांबियातल्या मिशन हॉस्पिटलांची जुनी संघटना ‘चाझ’ हिच्यामार्फत फंडाचा निधी खेड्यांतल्या दवाखान्यांपर्यंत गेला. २००५ मध्ये सरकारनं उपचार मोफत केले. सुरुवातीला रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या सीडी४ पेशी घन मिलिमीटरला २०० च्या खाली उतरल्या किंवा आजार फार बळावला तरच गोळ्या मिळत. ही अट सैल होत गेली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती काढूनच टाकली. आता तपासणीत एचआयव्ही निघाला की उपचार सुरू. त्यामुळे रुग्ण वाढले आणि गोळ्यांचं काम परिचारिकांकडे, गावातल्या आरोग्यसेवकांकडे आलं.

मे २०२५ मध्ये दान आलेल्या औषधांच्या चोऱ्यांचं कारण देऊन अमेरिकेनं झांबियाची पाच कोटी डॉलरची मदत कापण्याचं जाहीर केलं. रुग्णाला गोळी मात्र रोज घ्यावी लागते, जन्मभर.